हात तेवढे नोराचे

निकेतने स्टुलावर चढून भिंतीवरचा क्रूस उतरवला आणि कुठे ठेवायचा ते न सुचल्यामुळे नोराच्या हातात दिला.

"लाइव्ह संपलं की परत लावतो गं," तो म्हणाला. "कोळीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एक चित्र असतं. मागे हे दिसलं की उगाच कन्फ्यूज होतात."

चुलीपाशी मिरच्यांचे देठ खुडत बसलेल्या नोराच्या आयने मान वर केली नाही. "मागं मी पन हाय. मना कुठं ठेवशील?"

निकेत हसला. त्याला ती गंमत वाटली.

नोराने क्रूस आयच्या मांडीवर ठेवला. भाईंदरजवळच्या डोंगरीतल्या या चुलीवर जे शिजतं ते ती कित्येक वर्षं ब्लॉगवर लिहीत होती, घरात बोलतात त्याच ख्रिस्ती कोळ्यांच्या बोलीत, हाय-न्हायसकट. नवघरच्या निकेतने, कॉलेजातल्या मित्राने, तो ब्लॉग उभा करून दिला होता. लिहिणं सगळं तिचं. वसईच्या एका बाईंनी एकदा कळवलं होतं, तुझं वाचताना माझी गेलेली आय कानात बोलते. मग निकेत म्हणाला, वाचायला वेळ कुणाला आहे आता, व्हिडिओ करू. नोरा हो म्हणाली. लोक आता आपली बोली कानांनी ऐकतील, एवढंच तिला त्यातून कळलं होतं.

आणि आज निकेतबरोबर भाईंदर पूर्वेची दिशा नावाची मुलगी आली होती. अंगावर हिरवं लुगडं, कपाळावर मोठी टिकली, नाकात चापाची नथ. शाळेच्या गॅदरिंगला भाड्याने देतात तसलं सगळं. या घरात नथ घातलेली बाई नोराने कधी पाहिली नव्हती.

"बोलेल ही," निकेत मोबाइल स्टँडवर बसवत म्हणाला. "तू मिरच्या भाजायच्या. चुलीच्या वर टांगलाय त्या दुसऱ्या मोबाइलमध्ये तुझे हात येतील."

"आणि तोंड?"

"राग मानू नको. हाय-न्हाय वाचायला गोड वाटतं. ऐकायला जरा गावठी होतं."

"गावठी कोंबडी बरी मागून मागून खातोस इथे."

"दी, कंटेंट तुमचाच आहे," दिशा समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी फक्त फेस आहे."

बाहेरचे आवाज येतात म्हणून निकेतने दार लावलं, खिडकी लावली, आतून कडी घातली. मग बोट वर केलं. लाइव्ह सुरू झालं.

"नमस्कार मंडळी," दिशा गालातल्या गालात हसत म्हणाली. "आज करू या आमचा वर्षभर बाटल्यांत भरून ठेवायचा बॉटल मसाला. माझी आजी ना, मिरच्या भाजायला बसली की अख्खी आळी शिंकायची. आणि आजी हसायची."

नोराचा हात मातीच्या खापरीवर थांबला. हे वाक्य तिचं होतं. मोठ्या आयला, म्हणजे आपल्या आजीला, मातीत ठेवून आली त्याच दिवशी तिने ते लिहिलं होतं. त्यातली बोली तेवढी धुऊन टाकली होती, आणि आजी दिशाच्या नावावर केली होती.

"कुणाची आजी?" तिने विचारलं.

निकेतने ओठांवर बोट ठेवलं आणि तिच्या हातांकडे खूण केली. चालू ठेव.

नोराने हात चालू ठेवले.

मिरच्या मंद आचेवर, मूठ मूठ, तेलाचं बोट फिरवून भाजायच्या असतात. नाहीतर घरात माणूस उभं राहू शकत नाही. हेही तिने ब्लॉगवर लिहिलेलं होतं. निकेतने ते वाचलं असतं तर दार तरी उघडं ठेवलं असतं.

तिने लाकडं पुढे सारली. जाळ खापरीच्या काठावर आला तेव्हा मिरच्यांची अख्खी टोपली उचलून तिने आत उपडी केली.

आयने पदर नाकावर घेतला.

"आजी म्हणायची..." दिशाने सुरुवात केली आणि पुढचं सगळं ठसक्यात गेलं. ती वाकली, नथ सुटून राखेत पडली. निकेत एका हाताने डोळे दाबत दुसऱ्या हाताने कडी चाचपत होता. "बंद कर, नोरा, वेडी झालीस का तू," एवढंच त्याला बोलता आलं. कडी सापडली, आणि दोघं धडपडत अंगणात पळाली.

नोरा याच धुरात लहानाची मोठी झाली होती. तिचाही घसा जळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. तिने दिशासाठी लावलेला मोबाइल स्टँडसकट आपल्याकडे वळवला. लाइव्ह अजून चालूच होतं. काय झालं, काय झालं, असं लोक खाली कमेंटमध्ये विचारत होते.

तिने मिरच्यांनी लाल झालेले दोन्ही हात आधी पुढे धरले.

"हे हात वळखा," ती ठसका गिळत म्हणाली. "आतापर्यंत तुमाला ह्यांनीच लिवलंय. आन् हे तोंड. मी नोरा, डोंगरीची. ती मोठी आय माजी हाय."

उघड्या दारातून धूर आळीत चालला होता. शेजारच्या घरातून एक शिंक ऐकू आली. मग पलीकडच्या घरातून दोन. मग तर कुणाची कुठली ते कळेना.

आय क्रूस मांडीवर घेऊन पदराआड हसत होती.