कातरणांचा कोट

अकराव्या मुलानेही बापाच्या कोटाचा विषय काढला, तेव्हा परीक्षक लेआंद्रोसने कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला.

"माझ्या बाबांनी फरच्या कातरणांतून स्वतःसाठी एक कोट शिवला," मुलगा घडाघडा इंग्रजीत म्हणाला. "थंडीत ते मला त्याच्या आत घ्यायचे. आत अख्खं घर मावेल असं वाटायचं."

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेचा विषय आधीच जाहीर झालेला होता: आवडता कपडा. सकाळपासून ग्रीसमधल्या कास्तोरिया गावची ही पोरं एकामागून एक आत येत होती आणि हाच कोट, याच शब्दांत, समोर टाकून जात होती. या गावात घरोघरी लोक फरचे कपडे शिवत आले, हे खरं. पण म्हणून अकरा पोरांना एकच वाक्य सुचावं? वीस वर्षं परीक्षा घेऊन लेआंद्रोसला पाठांतराचा वीट आला होता.

नियम साधा होता. पाठ केलेल्या उत्तराला शून्य, आणि शून्य म्हणजे नापास. नुसत्या संशयावर शून्य द्यायला त्याचं मन घेत नसे, म्हणून तो मध्येच एखादा आडवा प्रश्न टाकायचा.

"कोटाला बटणं किती होती?"

"बटणं?" मुलगा छताकडे बघू लागला. "सहा. नाही, चार. सर, हे आम्हाला नव्हतं."

बारावी आणि शेवटची झाफिरा. अठराची असेल. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"परीक्षा कशासाठी देतेस?" त्याने सुरुवातीचा ठरलेला प्रश्न विचारला.

"रोड्स बेटावर हॉटेलात काम आहे. हा दाखला मिळाला तर मे महिन्यापासून घेणार आहेत. मी आईलाही नेणार. आम्हाला इथे नाही राहायचं."

"का बरं? तळ्याकाठचं किती सुंदर गाव आहे."

"हो," ती म्हणाली. "सगळे म्हणतात."

आता आवडता कपडा. देवा, कोट नको, लेआंद्रोस मनात म्हणाला.

"माझ्या बाबांनी," झाफिराने सुरुवात केली आणि थांबली. "फरच्या कातरणांतून. स्वतःसाठी. एक कोट..."

वाक्यावाक्याला ती अडखळत होती. बाकीच्यांनी निदान घोकलं तरी नीट होतं, हिला तेही जमलेलं नाही! त्याला पोरीचा नाही, पण एकूण सगळ्याचाच राग आला.

"त्याच्या खिशांत काय होतं?" त्याने मध्येच विचारलं.

झाफिरा हातांकडे बघत राहिली.

"सांग की. काहीतरी असेलच. रुमाल, किल्ल्या?"

तिने बाहीचं टोक मुठीत धरलं. मग ती म्हणाली, "दुसरं काही विचाराल का?"

त्याला तिची दया आली. हॉटेल आठवलं, आई आठवली. पण दयेपोटी एकीला गुण दिले तर बाकीच्या अकरा जणांनी काय घोडं मारलं होतं? त्याने तिलाही शून्य लिहिलं.

टपालवाला दारात उभाच होता. लेआंद्रोसने गुणांचा लखोटा बंद केला, मोहोर लावली आणि त्याच्या हवाली केला. मोहोर आता अथेन्सलाच फुटणार होती.

शाळेची देखभाल करणारी पोलिक्सेनी कॉफी घेऊन आली. "सुटलात का एकदाचे, सर?"

"सुटलो. बारा पोरं आणि कोट एकच! तुम्हीच सांगा, हसू की रडू?"

"अहो, ते शिकवणीच्या बाईंचं डोकं. एका पोरीचा निबंध आवडला, दिला सगळ्यांना वाटून, घ्या म्हणे पाठ करून. पोरीला विचारायचं तरी! बिचारी सकाळपासून बाहेर बाकावर बसून दुसऱ्यांच्या तोंडून आपलाच बाप ऐकत होती."

लेआंद्रोसने कप खाली ठेवला. "कुठली पोरगी?"

"शेवटी आत आली ना, तीच." पोलिक्सेनीने आवाज खाली आणला. "धंदा बुडाला आणि मागल्या हिवाळ्यात तिचा बाप तळ्यात गेला, सर. वर काढला तेव्हा तोच कोट अंगात होता. दोन्ही खिशांत गच्च दगड भरलेले."