वेग

बेंगळुरातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गिरिजम्मा तिसऱ्यांदा कम्प्युटर घेऊन आल्या. त्यांच्या दिवंगत यजमानांनी गावोगाव फिरून टिपलेली, त्यात साठवलेली जात्यावरची गाणी पुन्हा बिघडली होती. आधी दोनदा मी डिस्क मेली म्हणून ती बदलली होती आणि वाचता आली तेवढी गाणी नव्या डिस्कवर उतरवली होती. आज नीट पाहिलं. डिस्क ठणठणीत होती, पण माहिती वाहून नेण्याचा वेग टोकाला नेलेला होता. जुन्या केबलला तो झेपत नव्हता, वाटेतच अक्षरं सांडत होती. मी वेग उतरवला.

“अम्मा, त्या जुन्या डिस्क आणा. गाणी त्यांत असतील.”

“मेल्या म्हणालास ना? भंगारात दिल्या रे.”

मी जुनी केबल उपसून बाजूला ठेवली.

“जाऊ दे, नागेंद्रा. तू तरी किती करशील? गेल्या दसऱ्यात आयुधपूजेला तर फुकटात याचा वेग वाढवून दिला होतास.”