आबा औषध प्याले

“घरात आणखी कुणाला वाचायला अडचण होती?” नूतन मॅडमनी विचारलं.

“न्हाई,” माधुरी म्हणाली. “माझे वडील, आबा, तर रोज पारावर पेपर घेऊन बसायचे.”

मॅडमनी लिहून घेतलं. वाचनात अडणाऱ्या मुलांना तपासणाऱ्या या मॅडमकडे, विंझरहून भोरला, ही मायलेकींची दुसरी खेप. शेफाली चौथीत. तोंडी सगळं यायचं, पुस्तक उघडलं की अडायची. मॅडम समजावत होत्या: यात बुद्धीचा दोष नाही, आळसही नाही. अक्षर दिसतं, पण त्याचा आवाज चटकन जुळत नाही. पुष्कळदा हे घराण्यातून येतं. मग माणूस दुसऱ्या खुणांवर निभावून नेतो.

माधुरी मान डोलवत होती. आबा गेल्यापासून ती सगळ्यालाच मान डोलवायची. रडू आलंच नव्हतं.

गावात म्हणत होते, कुंडलिकआबा औषध प्याले. शेळ्यांच्या गोचिडांवरचं. तिनंच आणून कोनाड्यात, खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवलेलं. सकाळी रिकामी बाटली आबांच्या उशाशी होती, हिरवं टोपण गोधडीवर. पोलीस म्हणाले, एवढं ठळक ‘विष’ लिहिलंय, वाचता येणारा माणूस चुकेल कसा?

आदल्या संध्याकाळी ती बोलली होती, “शेळ्या विका आबा. तुमचं करणं आता माझ्याच्यानं व्हत न्हाई.” आबा नुसते खोकले होते.

“पेपर मीच वाचायचे,” शेफाली मधेच म्हणाली. “आबांना चष्मा कधी गावायचाच न्हाई.”

“तुला यायचा वाचायला?” मॅडमनी विचारलं.

“मी मनानंच सांगायचे. ते म्हणायचे, झ्याक वाचतीस.”

“लबाड,” माधुरी म्हणाली. मॅडम हसल्या.

“मग विंझरची एसटी कशी ओळखतेस?”

“मिशीवाला ड्रायव्हर असला की आमची.”

“आणि दुकानातला बिस्किटाचा पुडा?”

“रंगावरनं.”

“हुशार आहेस. कुणी शिकवलं?”

“आबांनी. म्हणायचे, अक्षराच्या नादी लागायचंच न्हाई, टोपण बघायचं. हिरव्या टोपणाचं ते खोकल्याचं.”