पहिली हाक

"झाला एकदाचा बंदोबस्त," एडविन म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

भाईंदरच्या त्या स्टीलच्या भांड्यांच्या कंपनीत रोज दीड-दोनशे फालतू मेल येऊन पडत. लॉटरी, ताकदीच्या गोळ्या, नकली घड्याळं. खऱ्या ऑर्डरी त्या उकिरड्यात हरवत. शेठ तरी किती सोसणार? शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर सर्व्हरला दुसरा माणूस बघतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. आज शनिवार होता.

ऑर्डरींचं काम बघणाऱ्या उर्मिलाने शेजारच्या टेबलावरून मान वळवली. "केलंस काय नेमकं?"

"सोपंय. अनोळखी पत्त्यावरून मेल आला, की आपला सर्व्हर पहिल्यांदा दार उघडतच नाही. नंतर या म्हणतो. मेल खरा असला तर समोरचं मशीन थोड्या वेळाने परत येतं. स्पॅमवाले एकदाच येतात. त्यांना कुठली आलीय फुरसत."

उर्मिला हसली. "अरे, हे तर आमची आजी सांगायची. तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं. माणूस असेल तर मारेल की परत."

एडविन हसला नाही. त्याच्याही घरी हेच होतं. त्यांच्या चौक गावात, समुद्राकाठी, कुणाच्या घरी नव्हतं? आपण दोन दिवस खपून सर्व्हरला कुठला नियम शिकवला, ते त्याला आत्ता कळलं.

स्क्रीनवर परतवलेल्या मेलची यादी होती. काही पत्ते दुसऱ्यांदा येऊन आत गेले होते. बाकीचे एकदाच दिसत होते. तो ते एकेक करून वाचू लागला.

"काय शोधतोयस?"

"परत न आलेले."

"ते स्पॅमच ना रे? तूच म्हणालास."

"माझा मोठा भाऊ, ॲड्रियन," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "होडी उलटली, तेव्हा पोहत आला. आमच्या मागच्या दारापर्यंत आला. दिवेलागणीची वेळ. 'आये' म्हणून हाक मारली, एकदाच. आईनं माझं तोंड दाबून धरलं. दुसऱ्या हाकेची वाट बघत बसलो आम्ही. सकाळी पायरीवर सापडला."

उर्मिलाने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"दुसरी हाक मारायला जीवच उरला नव्हता गं त्याच्यात. आणि मी आवाज ओळखला होता."

त्याने नियमाची ओळ पुसली आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. दहाच मिनिटांत उर्मिलाच्या स्क्रीनवर गोळ्या, घड्याळं, लॉटऱ्या येऊन आदळल्या.

"वेडा आहेस का? शेठ काढून टाकतील तुला."

"काढू देत."

"अरे, पण सगळ्यांनाच आत घेणार का तू?"

"आई घेते," एडविन म्हणाला. "अकरा वर्षं झाली. कावळा ओरडला, वाऱ्यानं कडी हलली, तरी ओ देते. भरल्या ताटावरून उठते, दार उघडते आणि म्हणते, ये."