अर्धा फेरा मागं

समजा, तुम्ही एका सायकलच्या हँडलवर बसला आहात. समोर गोल गोल दगडांचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्यांची जुनी घरं आहेत, आणि ती इतकी पुढे झुकली आहेत की या खिडकीतून त्या खिडकीत मीठ मागता यावं. बसलात? मग घट्ट धरा, रस्ता फार हादरवतो.

अर्शीला तो रस्ता असाच दिसत होता. ती मात्र पौडच्या बाजारात, नानांच्या म्हणजे आईच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानात, उपड्या डब्यावर बसली होती. हातातल्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल चालू होता. तिची सायराखाला, म्हणजे मावशी, जर्मनीत नर्स होती. आज सुट्टी काढून ती एका जुन्या गावी गेली होती, स्टेशनाबाहेर सायकल भाड्यानं घेतली होती आणि मोबाइल हँडलला बांधला होता. त्या गावच्या चौकात एक मोठं घड्याळ होतं. दिवसातून एकदाच, दुपारी बाराच्या ठोक्याला, त्यातून लाकडी माणसं बाहेर येत. ती तुला दाखवीन, असं खालानं कबूल केलं होतं. दोनदा ऐन वेळी तिची ड्यूटी लागली. आजचा हा तिसरा रविवार.

तिकडचे बारा म्हणजे इकडचे साडेतीन. दुकानातल्या घड्याळात तीन वीस झाले होते.

"ही बघ गावाची वेस," खालाचा आवाज आला. दगडी कमान डोक्यावरून गेली. "आता उतार, आणि उतार संपला की चौक."

"उतार हाय का?" नसीरनाना पंक्चर काढता काढता म्हणाले. "मग पायडल अर्धा फेरा मागं. ध्यानात हाय ना?"

"हाय, अब्बा."

हा नानांचा नियम होता. तीस वर्षं त्यांनी तासावर सायकली भाड्यानं दिल्या होत्या, आणि उतारावर पायडल अर्धा फेरा मागं फिरवल्याशिवाय पौडमधल्या एकाही पोराला गाव ओलांडू दिलं नव्हतं. साखळी जागेवर बसते, पाय मोकळा होतो, असं ते सांगत.

मोबाइलमध्ये खर्र असा आवाज झाला. रस्ता थांबला.

"अब्बा, मागचं चाक धरतंय. साखळी अडकली वाटतं."

"अगं, मग पायडल मागं फिरव. बसंल आपोआप."

दोन घरं पुढे गेली. खर्र. पुन्हा रस्ता थांबला.

"मागं, मागं! जोरात फिरव!"

खर्र! या वेळी मोबाइलमध्ये नुसतं आभाळ आलं. खालाच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. मग रस्ता सरळ झाला.

"पडले न्हाई," ती म्हणाली. "पण ही सायकल काही धड न्हाई. मी हातात धरून चालत येते."

"चालत किती वेळ लागंल?" अर्शीनं विचारलं.

दुकानातल्या घड्याळात तीन पंचवीस.

अर्शीनं नानांकडे पाहिलं. नानांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि ते साखळीचा विचार करत होते. ती हळूच म्हणाली, "नाना, तुमी 'मागं' म्हणता, तवाच ती थांबतीय."

"काय?"

"तिन्ही वेळा."

"अगं आगाऊ पोरी, तीस वरसं सायकली दिल्या मी. हितली बी सायकल आन् तितली बी सायकलच!"

"व्हय. पण खाला, एकदा पाय नुसतं धरून ठेव ना. फिरवूच नको."

नाना बोलायला गेले. तेवढ्यात रस्ता पळायला लागला. घरं, फुलांच्या कुंड्या, एक कुत्रं, एक बेकरी, सगळं मागे पडत गेलं. कुठेही खर्र झालं नाही. समोर एकदम चौक उघडला आणि माणसांची गर्दी दिसली.

"थांबू कशी?" खाला ओरडली.

"आता मागं!" अर्शी ओरडली.

खर्र. सायकल घड्याळासमोर उभी राहिली.

नानांनी हातातली ट्यूब खाली ठेवली. "म्हंजे ब्रेक पायात हाय व्हय त्या सायकलीला, मागं फिरवलं की लागतो," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

पहिला ठोका पडला. वरचं दार उघडलं. एक राजा आला, एक पाववाली आली, शेवटी ढोलवाला आला आणि आत जायच्या आधी वाकला. अर्शीनं त्याला हात केला. नानांनीही केला.

फोन बंद झाल्यावर नाना म्हणाले, "अर्शे, एक सांग. नदीकडच्या उतारावर तू सायकलीवरनं खाली का उतरतीस?"

अर्शी मोबाइलची काच पुसायला लागली.

"भ्या वाटतं?"

"मागं फिरवलं की माझा पाय निसटतो."

"मग इतके दिवस सांगितलं न्हाईस ते?"

"तुमी नाना हाय ना."

नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत वर केला. पंक्चर काढायचं राहिलं होतं, पण ते तिकडे वळले नाहीत.

अर्शी उठली. मडगार्डवर सातचा आकडा रंगवलेली छोटी सायकल तिनं भिंतीपासून काढली आणि दुकानासमोरून नदीकडे जाणाऱ्या त्या उताराच्या तोंडाशी नेली. नाना दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. तिनं दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवली आणि मागे वळून पाहिलं. नानांचं तोंड उघडलं. मग मिटलं.

ती निघाली. पाय हलवले नाहीत. उतारावर कुणीच नव्हतं, तरी अर्ध्यात पोचल्यावर तिनं घंटी वाजवली.