तिची साखर

मुलगी भांडून घर सोडून गेली. आईचा फोनही घेईना. पण तिच्या दंडावरच्या सेन्सरमुळे तिच्या रक्तातल्या साखरेचा आकडा तिच्या फोनमार्फत आईच्या मोबाइलवर अजून दिसत होता. मधुमेह लहानपणापासूनचा. इन्सुलिन टोचलं नाही तर साखर रक्तातच फिरत राहते आणि पेशी उपाशी राहतात, हे आईला पाठ होतं.

ब्लाउज शिवता शिवता आई आकड्यावर डोळा ठेवायची. आकडा चढला की म्हणायची, "जेवली बाई." एकदा तो भराभर घसरला, तेव्हा मशीन थांबवून ती मोबाइललाच विनवत बसली, "अगं, काहीतरी गोड खा गं!" आकडा वर सरकला तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"तुला दाखवणं बंद करायला विसरली असेल," बाबा म्हणायचे.

"हळू बोला," आई म्हणायची. "तिला आठवेल."

एका सकाळी आकडा दिसेनासा झाला.  आईने मुलीच्या मैत्रिणीला फोन लावला. मुलगी ठणठणीत होती, नेहमीसारखी कामावर गेली होती.

"आठवलं तिला," आई म्हणाली. मोबाइल पालथा ठेवून ती बाही जोडायला बसली, पण दोरा काही सुईत जाईना.

संध्याकाळी मोबाइल वाजला. आईने हात लावला नाही, म्हणून बाबांनी उचलून मेसेज वाचला.

"अगं, नवा फोन घेतलाय तिने. साखर बघायची परवानगी तुला पुन्हा पाठवलीय."