मुद्देमाल

पार्सलात काय होतं, हे पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं पुन्हा विचारलं आणि बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. कपडे. मुलीचे. वापरलेले.

"वापरलेले," हवालदार लिहिता लिहिता थांबला. "मग किंमत काय धरायची?"

बाईंना सांगता येईना. मुलगी परगावी नोकरीला होती. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीनं तिचं सामान एका खोक्यात भरून पाठवून दिलं. पार्सल पोचवणाऱ्यानं बेल दाबली, खोकं दाराशी ठेवलं, त्याचा फोटो काढला आणि तो पुढच्या घरी गेला. बाई तेव्हा न्हाणीघरात होत्या. ओल्या केसांनी येऊन दार उघडलं, तर पायपुसण्यावर काही नव्हतं. तेवढा उशीर त्यांच्या जिवाला लागून राहिला होता.

चोर पकडला गेला होता. जिन्यातल्या कॅमेऱ्यात त्याचा अर्धाच चेहरा आला होता. पण अर्ध्या चेहऱ्यावरून ओळखावा एवढं त्यानं त्या भागात नाव कमावलं होतं. आता तो आत कोठडीत बसून, आपण खोकं डोळ्यांनीही पाहिलं नाही म्हणत होता. घराची झडती झाली, तिथंही काही मिळालं नव्हतं.

भिंतीवर फलक होता. दारातलं टपाल किंवा पार्सल चोरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. रोज येऊन बाकावर बसायचं आणि तो फलक वाचायचा, एवढंच बाईंच्या हाती राहिलं होतं. तीन वर्षं त्यांना कमी वाटत.

हवालदार माणूस वाईट नव्हता. त्यानं शांतपणे समजावलं की ती तीन वर्षं भिंतीवर ठीक आहेत. कोर्टाला मुद्देमाल लागतो. चोरलेली वस्तू हाती लागली तर गुन्हा उभा राहील, नाहीतर त्याला आज संध्याकाळी दम देऊन सोडावं लागेल. मोबाइलबिबाइल असता तर बाजार धुंडाळून काढला असता. जुने कपडे कोण ठेवतंय? गेले असतील केव्हाच कचऱ्याच्या गाडीतून.

तो समजूतच घालत होता. बाईंच्या काळजाला मात्र घरं पडली. लेकीचं जे काही मागे उरलं होतं, ते चोरानंही ठेवून घेऊ नये अशा लायकीचं निघालं होतं.

पाणी प्यायला म्हणून त्या उठून व्हरांड्यात आल्या. नळापाशी एक मुलगी पाठमोरी उभी राहून ओंजळीनं पाणी पीत होती. अंगात पिवळा स्वेटर. उजव्या कोपरावर रफू केलेलं, तेही तपकिरी लोकरीनं. घरात पिवळी लोकर संपली होती आणि लेकीला गाडी गाठायची घाई होती, म्हणून बाईंनी हाताला आली त्या लोकरीनं ते भोक बुजवलं होतं. बाईंच्या तोंडून हाक निघणार, तेवढ्यात मुलगी वळली.

दुसरीच होती. चोराची बायको, नवऱ्यासाठी डबा घेऊन आलेली. तिनं ओला हात स्वेटरला लागू न देता साडीला पुसला आणि बाजूला सरकून म्हणाली, "या मावशी, प्या. गार आहे पाणी."

बाई पाणी न पिता आत गेल्या. हवालदाराला हाताला धरून बाहेर आणलं आणि बोट दाखवलं.

"तो स्वेटर माझ्या मुलीचा आहे."

त्यानंतर ठाण्याच्या अंगात वारं शिरलं. इतके दिवस खुर्चीला चिकटलेली माणसं उठली, पंच म्हणून समोरचा चहावाला आला, शिपाईबाई आली. त्या मुलीनं स्वेटर काढला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी बाह्या आत घेऊन नीट घडी घातली. बाईंनी दोन्ही हात पुढे केले. हवालदारानं घडी मधल्यामध्ये उचलली, कापडी पिशवीत घातली आणि दोरा आवळून त्यावर लाखेचा ठिपका सोडला.

"अहो, तो माझा आहे. द्या इकडे."

"तुमचाच आहे, बाई. पण आता मुद्देमाल झाला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत आमच्या कोठीत राहणार."

कधी लागेल निकाल, ते त्याला माहीत नव्हतं. वर्ष जाईल, चार वर्षंही जातील. आधी हवा असेल तर वकील लावायचा, अर्ज करायचा. आणि तो माणूस? त्याचं काय, त्याला उद्या-परवा जामीन होईल, जाईल घरी. हवालदारानं हे अगदी सरळपणानं सांगितलं. चोराला जामीन होता, स्वेटरला नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते बाईंनी बोट दाखवून करून घेतलं होतं.

"आता शिक्षा नक्की बघा," हवालदार म्हणाला. बऱ्याच दिवसांनी एखादं काम मनासारखं झाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं. बाईंनी फलकाकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी आतल्या खोलीत गेली, कुलूप लागलं, आणि इतके दिवस हवी हवी म्हणून मागितलेली शिक्षा त्यांना नकोशी झाली.

त्या बाहेर आल्या तेव्हा मुलगी व्हरांड्यातच होती. डबा पायाशी ठेवून, दोन्ही हात काखेत घालून थंडीनं आखडून उभी. बाईंना पाहून तिनं मान खाली घातली नाही, की शिव्याही दिल्या नाहीत.

"मावशी," ती म्हणाली, "मगाशी नळापाशीच सांगायचं होतं ना मला. काढून दिला असता."